आराखडा कोणाच्या उपयोगाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली. म्हणून आजचा विषय मी बँकांच्या अंगाने मांडणार आहे. विषयाचे नाव अवजड आहे: एंटरप्राइज आर्किटेक्चर. मोठ्या संस्थेत कोणती कामे चालतात, त्यांना कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या संगणक प्रणालीत राहते, या प्रणाली एकमेकींशी कशा जोडल्या आहेत आणि आणखी काही वर्षांनी हे सगळे कसे असायला हवे, याचा एकत्र आराखडा करण्याचे हे काम. तो आराखडा कसा काढतात, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते ज्यांच्यासाठी तो काढला जातो त्यांच्याविषयी. शाखाधिकारी, कर्ज विभागाचा प्रमुख, वित्त विभाग, वसुली अधिकारी, संचालक मंडळ. या माणसांना आराखड्याचा फायदा दिसतो का, आणि दिसतो तर कोणत्या रूपात?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण ज्याच्या अंदाजपत्रकातून खर्च होतो, त्याच्या पदरात तो क्वचितच पडतो. खर्च आज होतो, फायदा काही वर्षांनी येतो, आणि बहुधा दुसऱ्याच विभागाकडे येतो. हे नीट समजून न घेतल्यामुळे व्यवसाय सांभाळणारी माणसे आणि आर्किटेक्ट एकमेकांवर वर्षानुवर्षे नाराज राहतात.

ही कल्पना मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्याच्या नजरेचे भान तिच्यात होते. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७ साली ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये लेख लिहिला, त्यात घरबांधणीचा दाखला होता. मालकाला दाखवायचे चित्र वेगळे, वास्तुविशारदाचे वेगळे, बांधकाम करणाऱ्याचे वेगळे. तिन्ही खरी, आणि एकावर दुसऱ्याचे काम भागत नाही. पुढे या विचारातून चौकटी, तक्ते, प्रमाणपत्रे यांचा मोठा पसारा उभा राहिला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कामाचा आधार घेऊन १९९५ मध्ये ‘टोगॅफ’ ही चौकट आली. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने तर तिथल्या सरकारी खात्यांना माहिती-तंत्रज्ञानाचा आराखडा ठेवणे बंधनकारकच केले. या सगळ्यात मालकाचे चित्र मागे पडत गेले.

त्याचा परिणाम तिथल्या सरकारी तपासणीतच दिसून आला. अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने २०१२ मध्ये खात्यांच्या आराखड्यांवर अहवाल दिला. आराखड्याचे मोल मोजले पाहिजे आणि कळवले पाहिजे, हा त्याच्या शीर्षकाचाच आशय होता. कायदा होऊन सोळा वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले. २०१५ च्या अहवालासाठी त्याच कार्यालयाने संरक्षण खात्यातल्या व्यवस्थापकांचे मत घेतले. अपेक्षित परिणाम साधण्यात आराखडा फारसा परिणामकारक ठरला नाही, असे ते मत होते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्यांचेच हे म्हणणे. ते मनाला लावून घेण्याजोगे आहे, कारण आराखडे काढणाऱ्यांच्या मेहनतीत काही कसर नव्हती. चित्रे होती. पण कोणाचा कोणता निर्णय त्या चित्रांमुळे सोपा होणार, हे ठरलेले नव्हते.

आता एका सहकारी बँकेतल्या बैठकीकडे वळतो. बँकेचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही; अशा बँका पुष्कळ आहेत. अध्यक्षांनी साधा प्रश्न विचारला, “आपले ग्राहक किती?” ठेव विभागाने खात्यांची संख्या सांगितली. कर्ज विभागाने कर्जदारांची सांगितली आणि जामीनदार धरायचे की नाही, असे विचारले. भाग विभागाने सभासदांच्या नोंदवहीतला आकडा दिला. तिन्ही आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. मग आम्ही आराखडा करणाऱ्यांनी नमुन्यादाखल एका सभासदाच्या नोंदी काढल्या. बचत खात्यात त्यांचे पूर्ण नाव होते, कर्जखात्यात आद्याक्षरे आणि आडनाव, तर सभासद नोंदवहीत जुन्या गावाचा पत्ता. संगणकाच्या लेखी ही तीन माणसे होती. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे या माणसाचा आपल्याकडे एकूण व्यवहार किती, ते एका जागी बघताच येत नाही?” त्यांच्या बोलण्यात चिडीपेक्षा काळजी जास्त होती.

आम्ही एका मोठ्या कागदावर ग्राहकाची नोंद कुठे कुठे जन्मते, कोण ती बदलू शकतो आणि बदल कुठे पोहोचत नाही, एवढेच काढून दाखवले होते. संगणक विभागाच्या माणसांना त्यात सदोष जोडण्या दिसल्या. वित्त विभागाला एकाच कामाच्या तीन देखभाल करारांचा खर्च दिसला. सगळ्यांत नेमके बोलले ते वसुली अधिकारी. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे झालं, तर जामीनदार दुसऱ्या शाखेत थकबाकीदार आहे की नाही, हे मला कर्जमंजुरीच्या आधी कळेल का?” कळेल, असे आम्ही म्हणालो. “मग हे आधी करा.” एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या फायद्याचे याहून चांगले वर्णन मी ऐकलेले नाही. त्यात आर्किटेक्चर हा शब्दसुद्धा नव्हता.

व्यवसायातला माणूस फायदा असाच पाहतो, आपल्या खुर्चीवरून आणि आपल्या डोकेदुखीच्या मापाने. नवी योजना बाजारात आणणाऱ्याला वेग हवा असतो. वित्त विभागाला दुबार खर्च बंद व्हायला हवा असतो. जोखीम सांभाळणाऱ्याला एक प्रणाली बंद पडली तर आणखी काय बंद पडेल, हे आधी कळायला हवे असते. यात स्वार्थ शोधण्याचे कारण नाही. ज्याला जे काम दिले आहे ते तो पाहतो. अडचण अशी की हे फायदे एकमेकांच्या आड येतात. वेग हवा असलेला म्हणतो, माझ्या योजनेपुरती वेगळी प्रणाली घेऊ. ती घेतली की वित्त विभागाचा खर्च वाढतो आणि जोखीम विभागाच्या नकाशात आणखी एक जोडणी येते. टूमस टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या विषयावरचे लेखन तपासून आराखड्याचा लाभ कोणत्या वाटांनी येतो, ते मांडले: सगळ्यांनी एका दिशेने काम करणे, माहिती हाताशी असणे, साधनांचा नीट साठा आणि त्या साधनांनी एकमेकांना पूरक होणे. चारही वाटा संपूर्ण संस्थेच्या आहेत. एकट्या विभागाच्या खुर्चीवरून त्यांतली एकही पूर्ण दिसत नाही.

दोन बँकांच्या गोष्टी जरा सविस्तर सांगतो.

पहिली आपल्या भारतीय स्टेट बँकेची. इथे बसलेल्यांपैकी अनेकांना आठवत असेल, एकेकाळी खाते बँकेचे नसायचे, शाखेचे असायचे. शाखेत संगणक आले तरी प्रत्येक शाखेची माहिती त्या शाखेतच राहायची. मुलगा नाशिकला शिकायला गेला तर त्याला पैसे पाठवायला ड्राफ्ट काढावा लागे. २००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंग आले आणि सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती प्रणालीवर गेली. टीसीएसने हे काम ज्या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या प्रणालीवर केले, ती कंपनीही पुढे २००५ मध्ये टीसीएसने विकत घेतली. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट: स्टेट बँकेच्या सहयोगी बँकाही त्याच प्रणालीवर आणल्या गेल्या. त्या स्वतंत्र बँका होत्या, त्यांची स्वतंत्र संचालक मंडळे होती, काहींचे शेअर बाजारात होते. आम्हाला आमची प्रणाली हवी, असे त्यांनी म्हटले असते तर ते चुकीचे दिसले नसते.

१ एप्रिल २०१७ रोजी बिकानेर अँड जयपूर, हैदराबाद, म्हैसूर, पतियाळा आणि त्रावणकोर या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. अरुंधती भट्टाचार्य तेव्हा अध्यक्ष होत्या. विलीनीकरणानंतर बँकेचे ग्राहक ३७ कोटींच्या घरात गेले आणि शाखा २४ हजारांच्या आसपास. विलीनीकरणाच्या तारखेलाच सगळी खाती एकत्र केली नाहीत. कागदोपत्री विलीनीकरण आधी झाले, माहितीचे विलीनीकरण एकेक बँक घेत पुढच्या काही आठवड्यांत केले. तोवर शाखा आपापल्या पद्धतीने चालू राहिल्या. जुनी धनादेश-पुस्तके डिसेंबर २०१७ अखेरपर्यंत चालू ठेवली. शाखांची नावे आणि आयएफएससी बदलण्याचे काम तर २०१८ पर्यंत चालले. सुमारे १,३०० शाखांचे संकेतांक बदलले. ग्राहकांना त्रास झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. ज्यांचा पगार किंवा विम्याचा हप्ता जुन्या संकेतांकावर होता, त्यांनी खेटे घातले. पण कोट्यवधी खाती हलली आणि बँक चालू राहिली.

आता विचार करा. सहयोगी बँका एकाच प्रणालीवर आणायच्या, हा निर्णय झाला तेव्हा त्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर होता? सहयोगी बँकांच्या. त्यांच्या शाखाधिकाऱ्यांना त्या वर्षी त्यातून काय मिळाले? प्रशिक्षण, रात्री उशिरापर्यंत जुळवणी आणि काउंटरवरची बोलणी. या निर्णयाचे एक मोठे फळ दशकाहून अधिक काळाने, दुसऱ्याच नेतृत्वाला मिळाले. त्या वेळी कोणी अपेक्षित परतावा काढून दाखवा, असा हट्ट धरला असता तर २०१७ चा रकाना भरता आला नसता. आराखड्याने पुढच्या माणसाच्या हातात एक पर्याय ठेवला, आणि पर्यायाची किंमत तो वापरायची वेळ येईपर्यंत ताळेबंदात दिसत नाही.

दुसरी गोष्ट ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची. २००८ च्या संकटात लॉइड्स बँकेला सरकारी मदत मिळाली. तिच्या मोबदल्यात युरोपीय आयोगाने लॉइड्सला काही शाखा वेगळ्या करायला लावल्या, त्यांतून २०१३ मध्ये टीएसबी पुन्हा स्वतंत्र बँक म्हणून उभी राहिली. बँक वेगळी झाली, तरी संगणक प्रणाली लॉइड्सचीच भाड्याने वापरली जात होती. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने टीएसबी घेतली. लॉइड्सला द्यावे लागणारे पैसे वाचवून टीएसबीला साबादेलच्या प्रणालीवर आणणे, हा त्या व्यवहारातला एक मोठा हिशेब होता. म्हणजे इथे आराखड्याचा फायदा व्यवसायातल्या माणसांना अगदी स्पष्ट दिसत होता, आणि पैशात दिसत होता. व्यवसायाला फायदा पटवून दिला की काम फत्ते, असे मानणाऱ्यांनी या गोष्टीकडे नीट पाहावे.

२० ते २२ एप्रिल २०१८ या आठवडाअखेरच्या सुटीत जवळपास सगळे स्थलांतर एका दमात केले गेले. माहिती नीट हलली. प्रणाली मात्र उघडताच कोसळली. सुमारे १९ लाख लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काहींना दुसऱ्याच्या खात्याचा तपशील दिसला. शाखा, फोन, मोबाइल, सगळीकडे अडचण. व्यवहार पुरते सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकारी पॉल पेस्टर सप्टेंबरमध्ये पायउतार झाले. सुमारे ८० हजार ग्राहक बँक सोडून गेले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली ती वेगळी. बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना २०२३ मध्ये व्यक्तिशः दंड झाला.

दंडाच्या आधीच ‘स्लॉटर अँड मे’ या कायदेविषयक संस्थेने या प्रकरणाची चौकशी केली होती. त्या अहवालातल्या दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. एक म्हणजे संपण्याची तारीख आधी ठरली आणि काम उलट दिशेने त्या तारखेत बसवले गेले. दुसरी जास्त बोचणारी आहे. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती, पण भाराखालची चाचणी एकाच केंद्रावर झाली. प्रणाली चालवणारी साबादेलची उपकंपनी स्वतः ८० हून अधिक इतर पुरवठादारांवर अवलंबून होती. हे सगळे नकाशावर दाखवता येण्यासारखे होते. संचालक मंडळाने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारले नाहीत, असे चौकशीने म्हटले. संचालकांना बचत दिसत होती. ती बचत कशावर उभी आहे, ते पाहण्याची सवय त्यांना नव्हती. ती सवय लावणे हे आराखड्याचे काम आहे, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग तोच.

आपल्याकडे हा धडा नियामकानेच द्यायला सुरुवात केली आहे. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नवी डिजिटल उत्पादने आणण्यापासून आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यापासून थांबवले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डे द्यायला मनाई केली. दुसऱ्या दिवशी कोटकचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी पडला; बंधने उठायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. त्या आदेशात ज्या उणिवा सांगितल्या होत्या, त्यांत पहिल्याच ओळींत माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांच्या यादीचे व्यवस्थापन होते. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, कोणत्या प्रणाली आहेत, त्या कोणाच्या ताब्यात आहेत, याची यादी. आर्किटेक्टच्या कामातला हा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री लागते तीही इथेच.

आता पैसे कोणी द्यायचे या मूळ प्रश्नाकडे येतो. कर्ज विभाग नवी प्रणाली मागतो. आर्किटेक्ट म्हणतो, ग्राहकाची नोंद तुमच्या प्रणालीत नको, सामायिक ठेवा. कर्ज विभागाचा खर्च वाढतो, काम तिमाहीभर लांबते आणि फायदा होतो तो वसुली, ठेव आणि जोखीम विभागाला. कर्ज विभागाच्या प्रमुखाचे मूल्यमापन तिमाहीच्या उद्दिष्टावर होणार आहे. त्याने विरोध केला तर त्यात त्याचे काय चुकले? त्याला आराखड्याचे महत्त्व कळत नाही, अशी तक्रार आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येते. मला ती अन्यायाची वाटते. दुसऱ्याच्या फायद्याचा खर्च त्याच्या माथी मारला जातो आहे, हे त्याला नीट कळलेले असते.

जीन रॉस, पीटर वेल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांच्या २००६ च्या पुस्तकात हा गुंता सोडवण्याची सुरुवात सापडते. ते म्हणतात, तंत्रज्ञानाआधी दोन गोष्टी ठरवा: आपल्या विभागांची कामाची पद्धत किती एकसारखी असावी, आणि त्यांची माहिती किती सामायिक असावी. हे दोन्ही निर्णय धंद्याचे आहेत. मघाच्या सहकारी बँकेत ग्राहकाची नोंद एक करण्याला खरा विरोध शाखाधिकाऱ्यांचा होता, कारण ठेवींचे उद्दिष्ट शाखेवार होते आणि ‘हा माझ्या शाखेचा ग्राहक’ ही ओळख त्यांना सोडवत नव्हती. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवले आहे की, संस्थेतल्या माणसांचे आपसातले दळणवळण जसे असते, तशाच रचनेच्या प्रणाली ती संस्था उभारते. शाखा एकमेकींशी बोलत नसतील तर त्यांचे संगणकही बोलणार नाहीत. तिथे अध्यक्षांनी ग्राहक बँकेचा, असे ठरवले, उद्दिष्टांची पद्धत बदलली आणि नोंदी एक करण्याचा खर्च कोणत्याही विभागाच्या नावे न टाकता मध्यवर्ती अंदाजपत्रकात धरला. त्यानंतर तांत्रिक कामात वाद असे उरलेच नाहीत.

शेवटी या सभागृहात बसलेल्या नागरी सहकारी बँकांच्या संचालकांशी थोडे बोलतो. देशातल्या नागरी सहकारी बँकांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्या बहुतेक बँका स्वतःची प्रणाली चालवत नाहीत, ती बाहेरून घेतात. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातले देयक-जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून ती कंपनी त्या जाळ्यापासून काही काळ वेगळी केली, आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. आपली बँक नेमकी कोणावर अवलंबून आहे, हे अनेक संचालकांना त्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले असणार. नागरी बँकांसाठी २०२४ मध्ये जी छत्रसंस्था सुरू झाली, तिच्या उद्देशांत सामायिक तंत्रसेवा पुरवणेही आहे. म्हणजे आता आराखड्याचा प्रश्न एका बँकेच्या भिंतींबाहेर गेला आहे. सामायिक सेवा घेतली तर खर्च कमी होईल, आणि एका ठिकाणच्या बिघाडाने एकाच वेळी शेकडो बँका अडण्याचा धोकाही वाढेल. यातले किती पत्करायचे, हे पुरवठादाराच्या विक्री अधिकाऱ्याने ठरवायचे नाही.

म्हणून संचालक मंडळाच्या पुढच्या सभेसाठी तीन गोष्टी मागवून घ्या. आपल्या प्रत्येक सेवेमागे कोणती प्रणाली आणि कोणता पुरवठादार आहे, याचे एक पान. त्या पुरवठादाराच्या मागे आणखी कोण आहे, हे त्याच पानावर. त्यातली कोणती गोष्ट एक दिवस बंद पडली तर काउंटरवर कोणता ग्राहक ताटकळत उभा राहील, याचे शाखाधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलेले उत्तर. आणि पुढच्या वर्षीच्या तंत्रखर्चातली कोणती रक्कम एका विभागासाठी आहे आणि कोणती सगळ्या बँकेसाठी, असे दोन वेगळे रकाने. दुसऱ्या रकान्याचा खर्च मंडळाने आपल्या नावे घ्यावा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा जाब वसुली, ठेव आणि कर्ज या तिन्ही विभागप्रमुखांना समोर बसवून, त्यांच्या शब्दांत ऐकावा. संगणक विभागाने त्या वेळी ऐकण्यासाठी हजर राहावे.